पायरीवरची काठी

बसा, घाई करू नका. विजेच्या लाटा दाखवणारा हा जुना स्कोप तापायला वेळ घेतो. आतले काचेचे व्हॉल्व्ह थंड असताना यंत्र जे दाखवतं त्यावर विश्वास ठेवायचा नसतो, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पडद्यावरची ती हिरवी रेघ बघा, अजून कशी वरखाली होतेय. ती एका जागी स्थिर झाली की मी तुम्हाला सांगेन, यंत्र विकत घेण्यासारखं आहे की नुसतं कपाटात ठेवून बघत बसण्यासारखं. तोवर दिवा जरा इकडे सरकवते. संध्याकाळ झाली की या खोलीत टेबलापलीकडचं फारसं दिसत नाही.

मघापासून तुम्ही त्या काठीकडे बघताय. ती टांगायच्या आधी मी मीटर लावून तपासते, याचं तुम्हाला हसू आलं. येऊ द्या. माझा नवरा तर म्हणतो, ही आरशात बघतानाही समोरच्या बाईकडे ओळखपत्र मागेल. धंद्यातले लोक मला मीटरबाई म्हणतात. संशयी आहे मी, नाही म्हणत नाही. पण त्या काठीचा माझ्या स्वभावाशी काही संबंध नाही. तिची हकीकत वेगळी आहे आणि ती याच खोलीत घडलेली आहे.

हे दुकान माझ्या गुरूंचं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. जुनी मोजमापाची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कारखान्यांनी भंगारात काढलेले स्कोप, सिग्नल जनरेटर, व्हॉल्व्हवर चालणारे व्होल्टमीटर, सगळं उचलून आणायचे आणि महिनोन् महिने त्यांच्याशी झगडत बसायचे. खाली दुकान, वर घर, मधे हा लाकडी जिना. काकू वरून हाका मारून थकायच्या आणि शेवटी जेवणाचं ताट घेऊन खाली यायच्या. ताट टेबलावर ठेवायचं तर जागा नसायची, मग पायरीवर बसून दोघं जेवायचे. मी इथेच काम शिकले. पुढे स्वतःचं दुकान थाटलं, पण काही अडलं की धाव इकडेच.

त्या भिंतीशी, जिथे आता रिकामी चौकट दिसतेय, तिथे मास्तरांची लाडकी उभी असायची. तिला आम्ही थोरली म्हणायचो. माझ्या खांद्याएवढं लोखंडी कपाटच होतं ते. जमिनीखालून जाणाऱ्या केबली पक्क्या आहेत की नाहीत हे तपासायला हे यंत्र त्यांच्यात हजारो व्होल्ट सोडायचं. आत तेलाने भरलेले मोठाले कंडेन्सर. कंडेन्सर म्हणजे वीज साठवायचं भांडं. प्लग काढला म्हणून भांडं रिकामं होत नाही. वरून थंडगार, निर्जीव दिसणारं यंत्र आतून दात विचकून बसलेलं असतं.

म्हणून ही काठी. लाकडी दांडा, टोकाला पितळेचा आकडा, आणि आकड्यापासून दांड्याच्या आतून जाऊन जमिनीच्या अर्थिंगला जोडलेली तार. प्लग काढायचा, आकडा कंडेन्सरच्या तोंडावर अडकवायचा, वीज तारेतून जमिनीत उतरते. आणि काठी तिथेच टांगून ठेवायची. या दुकानाचा नियम एकच होता. काठी टांगलेली दिसली की यंत्र मेलेलं, हात घालायला हरकत नाही. काठी दिसली नाही की यंत्र जिवंत, जवळ फिरकायचं नाही. टांगलेली काठी म्हणजे शब्द दिल्यासारखं होतं. आणि चांगली काठी वीज सावकाश उतरवते, ठिणगी उडत नाही, आवाज होत नाही. त्यामुळे तिने काम केलं की नाही हे बघून कळत नाही. विश्वासच ठेवावा लागतो.

मास्तर गेले ते थोरलीच्या समोर. दुपारी काकूंनी हाक मारली, ओ आली नाही, खाली येऊन बघतात तर हे जमिनीवर. त्यांचे धाकटे भाऊ तेव्हा दुकानातच होते म्हणे, मागच्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कुणीतरी विजेचा विषय काढला तेव्हा धाकट्यांनीच थोरलीकडे बोट दाखवलं, "काठी टांगलेली आहे ना, मग शॉक कसा लागेल?" हा मुद्दा सगळ्यांना पटला. खरं सांगायचं तर मलाही पटला, आणि मला सहजासहजी काही पटत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी धाकट्यांचा फोन आला. दुकानातल्या सगळ्या यंत्रांचं मूल्यमापन करून द्या म्हणाले. कुठलं चालतं, कुठलं दुरुस्त होईल, कुठलं भंगारात जाईल. माझं नेहमीचंच काम. सकाळी पिशवीत माझे दोन मीटर, प्रोब आणि बॅटरीवर चालणारा एक छोटा स्कोप टाकला आणि आले.

धाकटे दारातच उभे होते. गोड बोलणारा माणूस. इतकं गोड बोलणाऱ्या माणसाजवळ मी पिशवीची चेन लावून घेते. दार लोटून घेत त्यांनी जिन्याकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"बाई, एक सांगून ठेवतो. वहिनींचं काही खरं राहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"डोक्यावर परिणाम झालाय. रोज सकाळी ती काठी काढतात आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर आणून ठेवतात. मी पुन्हा टांगतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायरीवर. विचारलं तर म्हणतात, तुम्हीच ठेवता. आता बोला!"

"मग काय ठरवलंय तुम्ही?"

"एका ठिकाणी बोलून ठेवलंय. गावाबाहेर आहे, शांत आहे. अशा लोकांची नीट देखभाल करतात तिथे. ही यंत्रं हलली की जागेचंही बघता येईल. इथे एकट्या राहिल्या तर एक दिवस त्या थोरलीत हात घालून बसतील, मग आपल्याला रडत बसायची वेळ यायची."

माणूस वहिनीच्या काळजीने बोलत होता. डोळ्यांत पाणीही आलं थोडं. पण माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. त्यांना जागेच्या दलालाकडे जायचं होतं. जाताना दाराची घंटा वाजली. ती घंटा तुम्ही आत येताना ऐकलीत ना? दार बोटभर उघडलं तरी ती वाजते. मास्तरांनीच बसवलेली, कारण कामात डोकं घातलं की त्यांना कोण आलं गेलं कळत नसे.

मी कामाला लागले. खोलीला तोच वास होता, तापलेली धूळ, सोल्डरिंगची राळ, ट्रान्सफॉर्मरचं जुनं वार्निश. मास्तरांची खुर्ची टेबलाला तिरकी लावलेली होती, जणू नुकतेच उठून गेलेत. मी ती वापरली नाही, स्टूल ओढलं. एकेक यंत्र लावायचं, तापू द्यायचं, तपासायचं. स्कोप तपासायची एक सोपी युक्ती आहे. प्रोबचं, म्हणजे स्कोपच्या वायरला असलेल्या सुईचं, टोक बोटांच्या चिमटीत धरायचं. घरातल्या विजेच्या तारांची गुणगुण आपल्या अंगात कायम उतरत असते, आपल्याला कळत नाही, पण स्कोपला कळते. टोक धरलं की सपाट रेघेच्या लाटा होतात. सोडलं की रेघ पुन्हा सपाट. मास्तर म्हणायचे, "पोरी, माणूस जवळ आहे हे या यंत्राला सांगावं लागत नाही."

थोरली सोडून सगळं तपासून झालं. तिच्या मागची झडप उघडी होती आणि काठी जागेवर टांगलेली होती. प्लग भिंतीपासून लांब, जमिनीवर पडलेला. मी बाह्या सरसावल्या, तेवढ्यात वरून काकूंची हाक आली, "अगं, चहा घेऊन जा, नाहीतर थंड होईल."

वर गेले. काकू बारीक झाल्या होत्या, पण डोकं फिरलेल्या बाईसारखं मला काही दिसलं नाही. साखर माझ्या मनासारखी बरोबर घातली होती, माझ्या सासूच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि मागच्या वेळी नेलेला डबा मी परत आणला नाही याचीही आठवण करून दिली. ज्या बाईला डबा आठवतो तिचं डोकं ठिकाणावर असतं. मी सरळच विचारलं.

"काकू, ती काठी तुम्ही हलवता?"

"मी कशाला हलवू? सकाळी उतरते तर ती खालच्या पायरीवर. भावजी ठेवतात, मला वेड लागलं म्हणायला बरं. दुपारी बघावं तर परत टांगलेली."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? काठी नाही म्हणजे थोरलीला हात लावायचा नाही. लग्न होऊन आले तेव्हा यांनी पहिली गोष्ट शिकवली ती हीच. नाहीतर रोज सकाळी मी तिला आतून बाहेरून फडक्याने पुसायची. यांची लाडकी ना ती. हे गेल्यापासून एकदाही पुसणं झालं नाही बघ. सकाळी काठी असतच नाही जागेवर." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आंघोळ घालताना यांच्या बोटांच्या टोकांवर पांढरे चट्टे दिसले होते मला. मी बोलले, तर भावजी म्हणाले, राळेचे डाग असतील. राळेचे डाग मला ओळखू येत नाहीत होय गं?"

कप माझ्या हातातच राहिला. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि आता कुठे, तेही कळायला लागलं. थोरलीचा प्लग काढलेला, काठी टांगलेली. मग तिच्यात हात घातल्याने काकूंना काय होणार होतं? धाकट्यांना भीती कसली होती?

आम्ही दोघी जिन्याच्या तोंडाशीच बसलो होतो. खालची घंटा वाजली नव्हती. मी कप ठेवून उतरले, आणि शेवटच्या पायरीवर पाय टाकणार तोच थबकले.

काठी पायरीवर होती. आडवी, नीट ठेवलेली. आकडा भिंतीकडे, दांडा माझ्याकडे.

पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं सांगू? धाकटेच. मागच्या खोलीला एखादं दार असेल, तिथून आले असतील. जाऊन बघितलं. खिडकीला गज, दार नाहीच. मग वाटलं, काठी मीच काढली असेन, चहाच्या हाकेच्या गडबडीत. स्वतःवरही संशय घ्यायला मी कमी करत नाही. काठी उचलली, पुन्हा थोरलीवर टांगली, आकडा घट्ट बसलाय ना ते हलवून बघितलं. म्हटलं, आता हात घालू आणि हे काम उरकून टाकू.

हात पुढे केला आणि वीज गेली.

पंखा थांबला, टेबलावरचे सगळे दिवे विझले. दुपार होती, पण बाहेर आभाळ दाटलेलं, आणि या खोलीला उजेड तसाही कमीच. अंधारात थोरलीत हात घालण्याइतकी मी वेडी नाही. हाताशी माझा बॅटरीचा स्कोप होता. वेळ जायला तो लावला, प्रोब टेबलावर ठेवला. वीज नाही म्हणजे तारांमध्ये गुणगुण नाही. रेघ सपाट पाहिजे, आणि ती सपाटच होती. मी टोक चिमटीत धरून बघितलं. तरीही सपाट. मी पुन्हा प्रोब खाली ठेवला.

आणि मग रेघ हलायला लागली.

हळूहळू. आधी नुसती शिरशिरी आली, मग लाट. कुणीतरी टोक चिमटीत धरावं तशी मोठी, स्वच्छ लाट. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मी खिडकीशी गेले, शेजारी कुणी जनरेटर लावलाय का ऐकलं. सगळी गल्ली गप्प होती. परत आले, प्रोब उचलला आणि त्याची वायर लांब करत खोलीभर फिरवला. भिंतीपाशी सपाट. दारापाशी सपाट. जिन्यापाशी सपाट. मास्तरांच्या खुर्चीपाशी नेला… आणि लाट पडदाभर झाली.

रिकाम्या खुर्चीवर मी प्रोब धरून उभी होते. पाठीच्या उंचीवर लाट मोठी. त्याहून वर डोक्याच्या उंचीवर थोडी कमी. बाजूला हातभर सरकलं की काही नाही. आणि राळेचा वास आला, ताज्या वितळलेल्या राळेचा. टेबलावरचं एकही सोल्डरिंग आयर्न तापलेलं नव्हतं.

"मास्तर…?" मी म्हटलं.

पडद्यावरची लाट एकदम विझली. खुर्ची करकरली. आणि माझ्या मागे, थोरलीच्या बाजूला, पितळ लोखंडाला घासल्याचा बारीक आवाज झाला. मग काही नाही. मग जिन्याकडून, लाकडावर लाकूड हळूच टेकवल्यासारखं… टक.

मी वळून बघायच्या आधीच मला माहीत होतं काय दिसणार. थोरलीवर काठी नव्हती. ती पायरीवर होती.

आणि त्याच वेळी डोकं चालायला लागलं. काठी नाही, म्हणजे यंत्र जिवंत. हे या दुकानात कोण म्हणायचं? कोण कुणाला शिकवायचं? एवढे दिवस कुणीतरी रोज सकाळी काकू उतरायच्या आत तेच सांगत होतं, आणि आपण सगळे काकूंना वेडं ठरवत होतो.

मी काठी उचलली, पण टांगली नाही. मीटर काढला, एक टोक आकड्याला आणि दुसरं तारेच्या शेवटाला लावलं. तार सलग असेल तर मीटर शिटी मारतो. मीटर गप्प. पुन्हा लावला. गप्प. दांड्याचं आवरण सुरीने सोललं. आत तार तुटलेली नव्हती, कापलेली होती. पक्कडीने, सरळ. आणि दोन्ही टोकं लांब सारून वरून आवरण पुन्हा इतक्या सफाईने बसवलेलं, की नुसतं बघून कुणाला शंका येऊ नये. लोंबणाऱ्या काठीवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मारायचं तर याहून सोपी रीत नाही.

मग मीटरला लांब दांड्याचा प्रोब जोडून थोरलीला लावला. काटा सरळ शेवटाला जाऊन आपटला. ती भरलेली होती, काठोकाठ. मास्तरांना जाऊन एवढे दिवस झाले, तोवर कुठला कंडेन्सर इतका भरलेला राहतो? मी खाली पडलेला प्लग उचलून बघितला. दुकानातले बाकी प्लग सकाळी मी लावायला घेतले तेव्हा त्यांच्यावर धूळ बसलेली होती. या प्लगचे पाय चकचकीत होते. कुणीतरी तिला जेवू घालत होतं, रोजच्या रोज. आणि टांगलेली काठी बघून ज्या बाईला फडकं घेऊन पुसायची सवय, तिची वाट बघत होतं.

माझ्या स्वतःच्या जाड तारेने मी वीज उतरवली. असा कडाड आवाज झाला की वरून काकू ओरडल्या. मी म्हटलं, "काही नाही काकू, तुम्ही वरच थांबा." दोनदा मोजून बघितलं, काटा शून्यावर. मग ती कापलेली काठी पुन्हा थोरलीवर टांगली आणि स्टुलावर जाऊन बसले. वीज आली. थोड्या वेळाने घंटा वाजली.

"झालं का काम, बाई?" धाकटे.

"सगळं झालं. एक थोरली राहिलीय. आत एक वायर सुटलीय, माझा हात पोचत नाही. तुमचा हात लांब आहे, जरा धरता का?"

ते थोरलीकडे बघत उभे राहिले.

"काठी टांगलीय की," मी म्हटलं. "घाला हात. मेलेलं यंत्र आहे."

"नको… नंतर बघू."

"नंतर कशाला? एका मिनिटाचं काम."

"अहो, असल्या कापलेल्या काठीच्या भरवशावर कोण हात घालतं!"

बोलून गेले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काठी मी सोलली होती ती बाजू भिंतीकडे होती. त्यांना ती दिसत नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"म्हणजे… जुनी झालीय ना ती… म्हटलं, कापली-बिपली गेली असेल…"

"भावजी."

काकू जिन्यावर उभ्या होत्या. किती वेळ, मला माहीत नाही. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्यांनी तुम्हाला मांडीवर घेऊन वाढवलं हो." धाकटे मागे वळले आणि निघून गेले. घंटा बराच वेळ हलत होती.

पुढे तक्रार केली. तपासाला आलेला माणूस भला होता, पण म्हणाला, तार कुणीही कापली असेल, कधीही कापली असेल, सिद्ध काय करणार? ते खरंच होतं. पण काकूंनी कुठल्याही कागदावर सही केली नाही आणि घर सोडलं नाही. थोरली आम्ही सुटी करून टाकली. माझं दुकान मी इथे हलवलं, म्हणजे खाली कुणीतरी असतं. धाकटे या दारात परत आले नाहीत. गेल्या हिवाळ्यात तापाने वारले. काकू गेल्या होत्या भेटायला. मी नाही गेले. मला दुःख झालं नाही, आणि तसं दाखवताही येत नाही मला.

मास्तरांची खुर्ची ती बघा, तिरकीच ठेवलीय. वीज गेली की मी कधीमधी बॅटरीचा स्कोप लावते. खुर्चीपाशी लाट असते. आता भीती वाटत नाही. उलट कामात चूक झाली की वाटतं, हे बघताहेत, आता रागावतील.

नवी काठी मी स्वतः केली. ही तीच. आतून तार घातली, दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळले, आणि स्क्रूच्या डोक्यांवर लाल रंगाचा थेंब सोडला. यंत्र उघडलं गेलं की नाही हे कळायला आम्ही असं करतो. स्क्रू फिरवला तर वाळलेला रंग तडकतो, तो पुन्हा जोडता येत नाही. इतके दिवस ही काठी रात्री जिथे टांगावी तिथेच सकाळी सापडायची. मी जवळजवळ विसरून गेले होते.

आज सकाळी दुकान उघडलं, तर ती पायरीवर होती.

काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी नाही गं." मी मीटर लावला. शिटी वाजली नाही. लाल थेंब भिंगाखाली बघितले, दोन्ही अखंड, बारीकशी चीरही नाही. मग मीच ते फोडले, स्क्रू काढले, दांडा उघडला.

तार कापलेली होती. पक्कडीने, सरळ. त्याच जागी.

दुपारपर्यंत बसून मी ती पुन्हा जोडली. म्हणून तुमच्यासमोर एवढ्या वेळा तपासत होते, तुम्ही हसत होतात तेव्हा. पण त्याआधी मी आणखी एक गोष्ट केली. मुख्य स्विच बंद केला, शेजाऱ्यांनाही थोडा वेळ त्यांचा बंद करायला लावला, आणि प्रोब घेऊन खोलीभर फिरले. मास्तरांच्या खुर्चीपाशी लाट होती, नेहमीसारखी. तिथून पुढे गेले, भिंतीपाशी सपाट, जिन्यापाशी सपाट… दारापाशी पूर्वी कधी काही नसायचं. आज तिथेही लाट होती.

तुमचा स्कोप तापला बघा. रेघ स्थिर झाली. यंत्र चांगलं आहे, घ्या खुशाल. पण आज ते उघडायचं नाही, या खोलीत तर नाहीच. आणि एक सांगू? दाराकडची ती खुर्ची सोडा. मागे न बघता हळूच उठा आणि इकडे या, मास्तरांच्या बाजूला बसा.